आधी कोणता ठिपका उचलायचा

४ जानेवारी

प्रिय दादा,

आत्याला बघायला दवाखान्यात आलो होतो तेव्हा लिफ्टपाशी तू म्हणालास, "तुझ्यासारखा खडे निवडणारा माणूस आमच्या कचेरीत चालेल." ते गमतीत होतं की खरं, हे विचारू की नको असं करत इतके दिवस गेले. शेवटी ताई म्हणाली, "आतेभाऊ आहे तो आपला, खाणार नाही तुला. लिही." म्हणून लिहितो आहे.

मी अजून त्याच छापखान्यात आहे. गाड्यांची वेळापत्रकं, फोनच्या याद्या, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, सगळी मुद्रितं तपासायला माझ्याकडे येतात. शाळा नववीत सुटली हे तुला माहीत आहेच. पण माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाही, आणि आकड्यांचा रकाना मी वरून खाली आणि खालून वर, दोन्ही बाजूंनी वाचतो.

घाई करण्याचं कारण ताई. तिच्या कागद कारखान्यात माणसं कमी करणार अशी कुजबुज आहे. भावोजी गेल्यापासून ती आणि तिची मुलगी छकुली त्या एका नोकरीवर आहेत, आणि अर्धामुर्धा मीही. तुझ्याकडे मला जागा मिळाली तर घरात एक तरी पगार खात्रीचा राहील. ताईची नोकरी टिकली तर प्रश्नच नाही. ती टिकावी एवढंच मला हवं आहे.

काय शिकावं लागेल ते कळव. मी शिकेन.

तुझा
धाकटा


१५ जानेवारी

प्रिय शुद्धलेखन,

(आजपासून तुझं हेच नाव. एवढ्या लांब पत्रात एक चूक सापडेल तर शपथ. मी शोधली.)

आमचं काम म्हणजे जाळी. रस्त्यांची, तारांची, नळांची, कशाचीही. सगळ्यांचं मूळ एकच: ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. ते कमीत कमी जागेत कसं मांडायचं, हा आमचा धंदा.

अडाणी माणूस काय करतो? मोठा चौकटींचा तक्ता आखतो. आडवे सगळे ठिपके, उभे सगळे ठिपके, रेघ असेल तिथे एक, नसेल तिथे शून्य. दोनशे ठिपके असले की चाळीस हजार चौकटी, आणि त्यांतल्या बहुतेकांत शून्य, कारण खऱ्या जगातलं जाळं विरळ असतं. कोण कुणाला धरून असतो रे? दोन-चार जणांना. मग शून्यांची पोती भरून ठेवायची कशाला? ज्या रेघा आहेत तेवढ्याच लिहायच्या.

रेघेला टोकं दोन. दोघांच्या नावावर लिहिली तर एकच गोष्ट दोनदा होते. म्हणून एकाच्याच नावावर लिहायची. पण गठ्ठा एकाच्याच गळ्यात पडला तर शोधताना जीव जातो. वाटणी अशी हवी, की कुणाच्याही नावावर दोन-तीनच्या वर रेघा येऊ नयेत.

युक्ती सांगतो. माझी नाही, जुनी आहे. ज्याच्याकडे सगळ्यांत कमी रेघा, तो ठिपका आधी उचल. त्याच्या रेघा त्याच्या नावावर लिही. मग तो आणि त्याच्या रेघा पुसून टाक. उरलेल्यांत पुन्हा सगळ्यांत कमी कोण ते बघ. तो उचल. असं शेवटपर्यंत.

घरी करून बघ. जमलं नाही तर बाटल्यांवरची अक्षरं आहेतच.

दादा


२९ जानेवारी

प्रिय दादा,

जमलं असं वाटतं. छापखान्याच्या माळ्यावर जुन्या काळचे अक्षरांचे शिशाचे खिळे पडून आहेत. ते ठिपके म्हणून टेबलावर उभे केले आणि बांधणीच्या दोऱ्याने एकमेकांना जोडले. फोरमन बघून म्हणाला, "काय रे, मुंग्यांची शाळा भरवलीस का?" मी म्हटलं, अभ्यास आहे. तो म्हणाला, "मग हजेरी घे, एखादी पळून गेली असेल."

तू सांगितलंस तसा कमी दोऱ्यांचा खिळा उचलत गेलो आणि त्याचे दोरे त्याच्या नावाने कागदावर लिहीत गेलो. दोन गोष्टी लक्षात आल्या.

एक म्हणजे, उचललेला खिळा हरवत नाही. शेवटून सुरुवात करून उलट क्रमाने एकेक परत ठेवला आणि त्याच्या नावावरचे दोरे बांधले, तर चित्र जसंच्या तसं उभं राहतं. मी तीनदा मोडलं आणि उभं केलं. ही गोष्ट मला फार आवडली.

दुसरी तितकी आवडली नाही. मधला एखादा खिळा चांगला चार-पाच दोऱ्यांचा असतो. त्याच्या कडेचे दुबळे उचलले, की त्याचेही दोरे कमी होतात, आणि पाहता पाहता तोच सगळ्यांत दुबळा ठरतो. त्याचं स्वतःचं काहीच बदललेलं नसतं.

दोघांकडे सारख्याच रेघा असतील तर आधी कुणाला उचलायचं? हे तू लिहिलं नाहीस.

तुझा
धाकटा


१० फेब्रुवारी

प्रिय शुद्धलेखन,

खिळ्याचं वाईट वाटणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतो आहे. साहेबांना वाचून दाखवलं, ते चहा सांडेपर्यंत हसले.

आता खरं काम. सोबत दोनशे बारा ठिपक्यांचं जाळं पाठवतो आहे. नावं नाहीत, नुसते आकडे. बसचे थांबे आहेत असं समज. दोन थांब्यांमध्ये आठवड्यातून एकदा तरी गाडी जात असेल तर रेघ, नाही तर नाही. आमच्या यंत्रात हे चुटकीसरशी होतं, पण गिऱ्हाइकाला हाताने तपासलेली, सही केलेली प्रत हवी आहे. उद्या कुणी विचारलं तर एका माणसाने शांतपणे बसून केलं आहे असं दाखवता आलं पाहिजे. इथे कुणाला वेळ नाही, आणि तुझ्याइतका शांत माणूसही नाही.

पूर्ण क्रम लाव. पहिले चाळीस दोनदा तपास. बरोबरी झाली तर नियम तू ठरव. पण एकदा ठरवलास की सगळीकडे तोच. कुणाला दाखवू नकोस. हे नीट झालं की तुझ्या जागेचं बोलतो.

दादा


२४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

क्रम सोबत आहे. खाली सही केली आहे.

बरोबरी झाली की मोठा आकडा आधी उचलायचा, असा नियम ठेवला. नवे थांबे मोठ्या आकड्यांचे असतील, त्यांची लोकांना सवय कमी असेल, असा विचार केला.

एका जागी मी बराच वेळ अडलो, ते लिहून ठेवतो. ६१ आणि ६२ हे दोन थांबे एका कडेला आहेत. सुरुवातीला ६१ कडे चार रेघा होत्या, ६२ कडे दोन. भोवतालचे एकेक उचलले गेले आणि शेवटी हे दोघंच एकमेकांना धरून राहिले, एका रेघेने. इथे कुणालाही आधी उचललं तरी हिशेबात फरक पडत नाही. नियमाप्रमाणे ६२ आधी घेतला. म्हणून चाळिसावा ६२ आणि एक्केचाळिसावा ६१. नियमाशिवाय दुसरं काही कारण नाही, म्हणून मुद्दाम कळवलं.

प्रत्येकाच्या नावावरच्या रेघांचे कागद वेगळे बांधले आहेत. ते सांभाळून ठेव. ते नसतील तर परत मांडता येणार नाही.

ताईला सांगितलं की दादाने मोठं काम दिलं आहे. ती म्हणाली, "त्याला म्हणावं, बसून बसून पोराच्या मानेचा काटा मोडेल, एक उशी पण दे." तिच्याकडे अजून सगळं ठीक आहे.

तुझा
धाकटा


२० मार्च

छोट्या,

फोनवर सांगायला जमलं नाही. छकुली शेजारीच बसून होती आणि तिला माझा आवाज कळतो.

सोमवारी कारखान्याच्या फाटकातच आम्हाला थांबवलं. एक नवाच साहेब टेबल टाकून बसलेला, पुढ्यात कागद. आमचे हजेरीचे नंबर नव्हते ते, भलतेच आकडे. रांगेत माझी पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "बासष्ट." मी म्हटलं, "बासष्ट कोण?" तर म्हणाला, "तुम्ही." मग म्हणाला, "तुम्ही आत जाऊ नका."

चाळीस जण गेले. बॉयलरचा मुकादम म्हणाला, "बाई, तुम्ही काय केलंत?" मी म्हटलं, "तेच तर विचारते आहे, मी काय केलं नाही?"

हिवाळ्यात दोन मुली आल्या होत्या. प्रत्येकाला विचारत फिरल्या, आठवड्यातून तुम्ही कुणाकुणाशी कामाचं बोलता. आम्ही सगळे शहाणे. म्हटलं, हे गप्पा मारणाऱ्यांना पकडणार. जो तो नावं गाळायला लागला. मी तर जास्तच शहाणी. माझ्याकडे कटाईचा माणूस येतो, गोदामाचा येतो, लगद्याच्या हौदावरचे तिघं येतात, सगळ्यांना मीच सांगते की आजचा कागद ओला फाटतो की नाही. पण मी शेजारी काम करणाऱ्या काकूचं नाव घेतलं आणि एक मुकादमाचं. बाकी म्हटलं, मी बाई कागदाशी बोलते. आता कळलं, ज्यांची नावं कमी तेच गेले. ज्याने कॅन्टीनमधल्या मांजराचंसुद्धा नाव सांगितलं तो मजेत आत गेला.

काकूचा आकडा एकसष्ट. ती राहिली. ती माझ्यापेक्षा जास्त रडली. तुझे भावोजी गेले तेव्हा तिनेच साहेबाकडे शब्द टाकून मला चाचणीच्या खोलीत घेतलं होतं, तेव्हापासून एका टेबलावर आहोत. म्हणते, "तुझ्याऐवजी मला काढलं असतं तर चाललं असतं." असं बोलायला काय जातं म्हणा.

फाटकावर लोक बोलत होते, कुणा हुशार माणसाने ठिपके काढून हे ठरवलं आहे. छोट्या, दादा अशाच लोकांत वावरतो ना? त्याला विचार. माझ्यासाठी कधी काही मागितलं नाहीस, आता माग.

ताई


२३ मार्च

प्रिय दादा,

बासष्ट ही ताई आहे.

तिचं पत्र परवा आलं. तुला माहीत नसेल असं धरून मी हे लिहितो आहे. ते बसचे थांबे नव्हते. मी ज्या चाळिसांखाली सही केली ती माणसं होती. त्यांनी घाबरून खरी नावं सांगितलीच नाहीत, म्हणजे जाळंच चुकीचं होतं. पाया चुकला असेल तर क्रम बरोबर असून काय उपयोग?

आणि मी तुला स्पष्ट लिहिलं होतं की उचललेला ठिपका परत ठेवता येतो. ती पद्धत मांडून ठेवण्याची आहे, काढून टाकण्याची नाही. त्यांच्या रेघांचे कागद मी बांधून दिले आहेत. ते उघड आणि उलट क्रमाने सगळ्यांना परत ठेव. सगळ्यांना जमत नसेल तर ताईला तरी ठेव.

मी तुझ्या पाया पडतो. जागा मला नको.

तुझा
धाकटा


३० मार्च

प्रिय शुद्धलेखन,

माहीत होतं. आकडे मीच घातले. तुला नाव कळलं असतं तर तुझा हात थरथरला असता, आणि मला न थरथरणारा हात हवा होता.

रेघांचे कागद गिऱ्हाइकाने घेतलेच नाहीत. त्याला फक्त क्रम हवा होता. कारखान्याचा मालक म्हणाला, "उलट क्रमाने माणसं परत घ्यायची असती तर काढली कशाला असती?" बोलणं अगदीच चूक नाही. जाळं चुकीचं म्हणतोस, तर ते त्यांनीच सांगितलेलं आहे. खोटं बोलणाऱ्याचा हिशेब त्याच्याच खोट्यावर होतो, मी काय करू?

ताई माझीही मामेबहीण आहे. लहानपणी तिने मला सायकल शिकवली, मी पडलो तेव्हा हसलीही. म्हणून एक रस्ता देतो. रस्ता तूच काढून ठेवला आहेस. ६१ आणि ६२ यांत कुणीही आधी चालतं, नियमाशिवाय दुसरं कारण नाही, असं तू स्वतः लिहिलंस. मग नियम बदल. बरोबरीत लहान आकडा आधी. नवा क्रम सही करून पाठव, सोबत चार ओळींचं पत्र: "तपासणीअंती दुरुस्ती." ताईचं नाव कुठेही नको. मी आत सरकवून घेतो.

चाळिसांचे एकोणचाळीस होणार नाहीत, एवढं समज. आणि एकसष्ट कोण, हे मला विचारू नकोस. ते तुला आता माहीत आहे.

दादा


२ एप्रिल

प्रिय दादा,

नवा क्रम सोबत आहे. बरोबरीत लहान आकडा आधी. नियम बदलल्यावर आणखी काही जागी क्रम मागेपुढे होतो, पण पहिल्या चाळिसांतली बाकीची माणसं तीच राहतात. वरून खाली आणि खालून वर तपासलं. फरक फक्त एका जागी आहे.

काकूंना मी एकदा भेटलो आहे. त्या मला म्हणाल्या होत्या, "तुझी बहीण फार बोलते, पण काम तिच्यासारखं कुणाचं नाही."

सही केली आहे.

धाकटा


२८ एप्रिल

छोट्या,

मला परत घेतलं. फाटकावरचा साहेब म्हणाला, "आकडेमोडीत दुरुस्ती झाली." आणि त्याच दिवशी काकूला म्हणाला, "एकसष्ट, तुम्ही आत जाऊ नका."

मी संध्याकाळी तिच्या घरी गेले. तिने दार उघडलं, पण मला आत ये म्हणाली नाही. म्हणाली, "तू कुणाला तरी सांगितलंस का?" मला खोटं सुचलं नाही. म्हटलं, "भावाला म्हटलं होतं." ती म्हणाली, "माझ्याऐवजी चाललं असतं, असं मी म्हणाले होते ना. तू लगेच चालवूनच घेतलंस." आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्या कारखान्याला माहीत. कटाईचा माणूस नमुने टेबलावर टाकतो आणि निघून जातो. लगद्यावरचे आता चिठ्ठी पाठवतात. मी कॅन्टीनमध्ये बसले की बाक रिकामं होतं. ऐसपैस जेवते. मुकादम गेलेल्यांतलाच, नाही तर तो तरी दोन शब्द बोलला असता.

तू काय केलंस ते सांगू नकोस. केलंस म्हणून मी कामावर आहे. छकुलीला सांगितलं आहे, काकू गावाला गेली.

ताई


१५ मे

प्रिय शुद्धलेखन,

अभिनंदन. नेमणुकीचा कागद सोबत आहे. एक जुलैपासून ये. तुझं टेबल खिडकीजवळचं, खुर्चीवर उशी आहे. ताईचं म्हणणं मी विसरलो नाही.

पहिली फेरी मालकाला इतकी आवडली की तो दुसरी मागतो आहे. आणखी वीस. या महिन्याअखेर मुली परत विचारायला जातील. क्रम तूच लावायचा आहेस. नाही म्हणालास तर दुसरा कुणी लावेल आणि तो हाच येईल, कारण पद्धत तीच आहे. मग जागाही त्याचीच. घरात एक पगार खात्रीचा हवा, हे पहिल्या पत्रात कुणी लिहिलं होतं ते आठव.

दादा


१८ मे

ताई,

हे वाचून फाडून टाक.

त्या मुली महिन्याअखेर पुन्हा येतील. या वेळी शहाणपणा करू नकोस. कुणाकुणाशी बोलता असं विचारलं की भरपूर नावं सांग. कटाईचा, गोदामाचा, लगद्यावरचे तिघं, फाटकावरचा, दिसेल त्याचं नाव सांग. दहा तरी सांग. प्रत्येक नाव म्हणजे एक रेघ, आणि जितक्या रेघा जास्त तितकी तू सुरक्षित. मला हे कसं माहीत ते विचारू नकोस.

आणि त्याआधी लोकांशी थोडं बोलायला लाग. कसंही. हवापाण्याचं बोल.

छोट्या


६ जून

छोट्या,

मुली येऊन गेल्या. मी दहा नावं सांगितली. म्हटलं तर अकरा, काकूचंही तोंडातून गेलं. ती लिहिणारी म्हणाली, "त्या आता इथे नाहीत." मी म्हटलं, खोडा.

मग एकीने सांगितलं की गेल्या वेळी लोकांनी काहीच्या बाही सांगितलं, म्हणून या खेपेला नियम बदलला आहे. दोघांनीही एकमेकांचं नाव घेतलं तरच धरायचं. माझ्यासमोर दोघी दहाही जणांकडे जाऊन आल्या. काचेतून मला दिसत होतं. प्रत्येक जण माझ्या खोलीकडे एकदा बघायचा आणि मान हलवायचा. लगद्यावरचा धाकटा जरा थांबला होता. मग बाकीच्या दोघांकडे बघून त्यानेही हलवली.

परत येऊन ती म्हणाली, "बाई, तुमच्याकडे काहीच लागलं नाही." चांगली मुलगी आहे, खाली बघून म्हणाली.

मला ठिपक्यांतलं कळत नाही, पण एवढं कळतं. तू आता माझ्यासाठी दादाकडे काही मागू नकोस. गेल्या वेळी मागितलंस ते पुरे झालं. मिळाली आहे ती जागा सोडू नकोस आणि ते सांगतील ते काम कर. छकुलीचं शाळेचं अजून सगळंच व्हायचं आहे. दोघांनी घरी बसून चालणार नाही.

हवापाण्याचं बोलले होते मी, तू म्हणालास म्हणून. कटाईच्या माणसाला म्हटलं, आज ऊन फार आहे. तो म्हणाला, काकूंच्या घरावर पत्रा आहे, त्यांना विचारा.

ताई


१४ जून

प्रिय दादा,

नवं जाळं मिळालं. पूर्ण क्रम सही करून सोबत जोडला आहे. वरून खाली आणि खालून वर तपासला आहे. बरोबरीचा नियम मागच्याच दुरुस्तीप्रमाणे ठेवला आहे.

पहिला ६२. त्या जागेसाठी बरोबरी नव्हती. त्याच्या नावावर लिहायला काही नाही.

एक जुलैला हजर होतो.

धाकटा